पाव अथर पाणी

रुस्ताकच्या वर, डांबर संपतं तिथून
सात किलोमीटर खडी, मग खजुरी, मग गाव.
आरोग्य केंद्राची गाडी गुरुवारी जाते.
मी मागे बसतो, मांडीवर ड्रेसिंगचा डबा.
इथे मला सगळे ब्रदर म्हणतात.

खल्फान बिन नासिर, वय अंदाजे नव्वद.
डाव्या टाचेला जखम, भरत आलेली.
साखर बरी. भूक बरी.
झोप नाही.
रात्री दोनला उठतात, नात रय्या सांगते,
म्हणतात, पाणी आलं, आपली पाळी, दगड काढा.

चाळीस वर्षं या माणसाने फलजचं पाणी वाटलं,
दिवसा काठीच्या सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून.
कुणाच्या बागेला किती अथर,
अथर म्हणजे अर्धा तास,
बापामागे मुलाला, मुलींनाही त्यांचा वाटा तोडून.
आता ताऱ्यांची नावं तेवढी उरलीत.
स्वतःचा मुलगा समोर बसला
तर पाहुणा आल्यासारखं हसतात.

डॉक्टरांकडून गोळी लिहून आणली होती मी.
जेवणानंतर अर्धी. घर झोपेल.
रय्याने चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली,
कहव्याचा पेला पुढे सरकवला.
आज राहा, म्हणाली, सकाळी मुहन्ना सोडेल खाली.

दोनला म्हातारा उठला.
पणतू यक्झान आधीच दाराशी, चपला घालून.
नऊ वर्षांचा. त्याच्या नावाचा अर्थच ‘जागा’.
मुहन्नाने आजोबांना पाठीवर घेतलं.
सोहार बंदरात तो क्रेन चालवतो,
गुरुवार, शुक्रवार रात्री त्याच्या.
बाकीच्या कुणाच्या, ते फ्रीजवरच्या कागदावर.

पाटाशी त्यांना उतरवलं.
मान वर. बराच वेळ काहीच नाही.
मग एक नाव घेतलं, मला न कळलेलं,
आणि म्हणाले, आत्ता.
पोराने चिंध्या गुंडाळलेला दगड ओढला.
पाणी अंधारातून वळलं, आधी आवाज, मग ओल.
साडेसात मिनिटं. पाव अथर.
बस, म्हणाले, आता दुसऱ्याचं आहे.
परत येताना पाठीवरच झोपले.

आज तुमची पाळी होती?
छे, आमची सोमवारी. आजचं पाणी हमूदचं.
हमूद तिथेच होता, बॅटरी धरून, जांभया देत.
लिंबं वाळतायत माझी, कुरकुरला,
आणि उद्या कुणाचं घेणार रे, सालेमचं?
त्याला आधी उठवा, तो उठत नाही लवकर.

आमचा आजो तरीवाला होता.
कर्लीवर पूल झाला त्याला बावीस वर्षं झाली.
तोही उठतो रात्रीचा,
माणसां उभी आसत रे पलतडी, म्हणतो, वल्हां खंय माझां?
गजू बाहेरून कडी लावतो.
कडी भक्कम आहे. माझ्याच पैशातून बसवली,
कमोडची खुर्ची, गादी, गुडघ्याचा पट्टा,
दर महिन्याला चाळीस रियाल, एकदाही चुकले नाहीत.

उजाडता फोन केला.
म्हटलं, आज कडी नको लावू.
धक्क्यापर्यंत ने त्याला. बसव होडीत, बांधलेल्याच.
पलीकडून कोंबडा ऐकू आला, वहिनीची बादली.
आणि सकाळी कामार कोण जातलो, गजू म्हणाला, तू?
त्याचा आवाज चढलाही नव्हता.
तू ये. मगे शिकय.

खरंच होतं ते.
फोन ठेवला तेव्हा यक्झान
शाळेचा शर्ट घालून उभ्या उभ्या झोपत होता
आणि रय्या त्याची बटणं लावत होती,
शुक्रवार असूनही. कुणीच त्याला सांगितलं नव्हतं.

उतारावर मुहन्नाने विचारलं,
ब्रदर, घरी सगळं ठीक?
मी म्हटलं, टाच सुधारतेय.
पुढच्या गुरुवारी बहुतेक पट्टी लागणार नाही.